खानमच्या भिंतीवरचं फर्मान

बहारीनहून परत आले त्याच दिवशी शेजारच्या दोघीतिघी "काय काय आणलंत?" म्हणून येऊन बसल्या. मी त्यांच्यापुढे खजूर ठेवले, बदामाची मिठाई ठेवली, आणि मग पिशवीतून एक टीपकागद काढून दाखवला. त्यावर आठ आण्याच्या नाण्याएवढा एक जांभळा डाग होता. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. एकजण म्हणाली, "सुमनताई, आखातात गेलेली माणसं सोनं आणतात हो!"

सोन्याचं मला कधी फारसं वेड नव्हतं, आणि माझ्या पेन्शनीलाही ते झेपणारं नाही. पण हा डाग मी जपून ठेवला आहे. तो कसा मिळाला ते लिहिते, म्हणजे माझ्या प्रवासातलं सांगण्यासारखं होतं ते सगळं लिहून होईल.

माहूज

माझा धाकटा भाऊ मिलिंद बहारीनच्या राजधानीत, मनामात, माहूज नावाच्या भागात राहतो. तो एअरकंडिशनिंगचा तंत्रज्ञ आहे. त्याच्या इमारतीत चार मजल्यांवर चार देशांची बिऱ्हाडं, त्यामुळे जिन्यात पायरीपायरीला फोडणीचा वास बदलतो. जानेवारी होता. मी घामाच्या तयारीने सुती साड्या घेऊन गेले, आणि पहिल्याच दिवशी भावजयीचा स्वेटर मागून घ्यायची वेळ आली. वाळवंटात थंडी पडते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भाची पल्लवी मी काही मराठीत विचारलं की सगळं समजून घ्यायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. तीन दिवसांनी मीही इरेला पेटले. ती "आत्या, लीव्ह इट" म्हणाली की मी "सोडलं बाई" म्हणायची, आणि दोघी हसायचो.

माझ्या कामाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी पुण्याच्या एका दफ्तरखान्यात तीस वर्षं जुने कागद दुरुस्त केले. मैद्याची खळ, तीत चिमूटभर मोरचूद, झिरझिरीत शिफॉन, मऊ ब्रश आणि टीपकागद, एवढ्यावर माझा संसार चालला. आमच्याकडे सनदा शोधत मोठमोठ्या घराण्यांतली माणसं यायची. आपल्या खापरपणजोबांना गाव इनाम मिळाल्याचा कागद बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला त्याची गंमत वाटायची. आम्ही बौद्ध. आमच्या घरात आजोबांच्या पलीकडचं नाव कोणाला ठाऊक नाही, आणि जे पलीकडे होते त्यांना कोणी कागद दिला नव्हता. त्यामुळे दुसऱ्याच्या वंशावळीला ठिगळं लावताना माझा हात कधी थरथरला नाही. खोट्या सनदाही माझ्या हाताखालून ढिगाने गेल्या. आमचे साहेब म्हणायचे, "बाई, आपण कागद जोडायचा, घराणं नाही."

सोमवारी संध्याकाळी मिलिंदचे स्नेही दाऊदभाई आले. दाभोळचे. गेली तीस वर्षं ते एका इराणी घराण्याच्या कचेरीत कारकून आहेत. माझं काम ऐकून त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"ताई, आमच्या खानमकडं, म्हंजे मालकिणीकडं, एक फर्मान हाय. शहाचं. अडीचशे वर्षांचं, असं सांगतात. कोपरा सुटलाय, कसर लागलीय. येत्या शुक्रवारी नातीची सोयरीक ठरायचीय. पोराकडले लोक बडे खानदानी, ते पयलं फर्मान बघणार. म्हातारीला चार रात्री झोप नाय. तुमी बघाल काय?"

"बघीन की," मी म्हटलं. "पण इतकी वर्षं कोणी दुरुस्त का नाही केलं?"

"साहेब, खानमचे घरवाले, हात लावू देत नव्हते. तीन वर्षांमागं वारले. इतका शांत माणूस, ताई, उभ्या नोकरीत माज्यावर एकदाच आवाज चढवला. मी नवीन होतो. नवरोजच्या साफसफाईत त्या फ्रेमची काच ओल्या फडक्यानं पुसाया गेलो. असे धावून आले! 'कोरडा, कोरडा फडका!' ती काच कायम तेच पुसायचे, स्वताच्या हातानं."

आम्ही हसलो. मोठ्या माणसांच्या लहरी, असं मी मनात म्हटलं, आणि खळीसाठी मैदा चाळायला घेतला.

बुसैतीन, पहिला दिवस

मनामाहून पूल ओलांडला की मुहर्रकचं बेट, आणि त्याच बेटावर बुसैतीन. दाऊदभाईंची गाडी पुलावर आली तेव्हा दोन्ही बाजूंना फिकट हिरवं, उथळ पाणी पसरलेलं होतं. आमच्या कोकणकिनाऱ्यासारखी लाट तिथे नाहीच. दाऊदभाई म्हणाले, "ह्याला आमी दर्या म्हणत नाय, ताई. ही तर परात." विमानतळ जवळ असल्यामुळे घरांवरून विमानं इतकी खाली येतात की वाळत घातलेले कपडे हलतात.

घराण्याचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढे कळेलच. घर साधंच निघालं, पांढरं आणि दुमजली, दारात एक खजुराचं झाड. मंत्र्यासंत्र्यांचं घराणं असं दाऊदभाईंनी वाटेत सांगितलं होतं, म्हणून मी काहीतरी झुंबरबिंबर मनात धरून गेले होते.

खानम पंचाहत्तरीच्या असाव्यात. ताठ कणा, पांढरी रुमाली ओढणी, हातात बारीक मण्यांची माळ. "आओ, बैठो," त्या हिंदीत म्हणाल्या. लग्नानंतर दोन हिवाळे मुंबईत काढले होते, तेवढं हिंदी त्यांच्यापाशी शिल्लक होतं. बाकीचं त्या फारसीत बोलत आणि दाऊदभाई ते मला सांगत. मी इथे ते सरळ मराठीतच देते.

चहा आला. मी खडीसाखरेचा खडा उचलून चहात टाकला आणि ढवळू लागले. नात नस्रीन तोंडावर हात धरून हसली. तिथे खडा दातांत धरायचा आणि त्यावरून चहा प्यायचा. मी दुसऱ्या कपाला तसा प्रयत्न केला आणि खडा थेट घशात गेला. खानमनी स्वतः उठून माझी पाठ थोपटली. त्यानंतर आमची भीड मोडली.

जेवायला पातळ, कुरकुरीत भाकरी आणि तीवर माशाचं आंबूस, तपकिरी कालवण चोपडलेलं. त्याला महयावा म्हणतात. वास असा की नवख्या माणसाने पळून जावं. मला मात्र आजीचं सुकट आठवलं आणि मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी नको म्हटली तर ती वाढलीच. तिकडे पाहुण्याने तीनदा नाही म्हणायचं असतं आणि यजमानाने चौथ्यांदा वाढायचं असतं. आपल्याकडच्या पंगतीतल्या आग्रहाची ही थोरली बहीणच म्हणायची.

जेवताना खानमनी घराण्याची कहाणी सांगितली. पलीकडच्या इराणी किनाऱ्यावर एक लहानसं बंदर. सासरे खजुराच्या बागांचे मालक, मग बंदराच्या जकातीचे मक्तेदार, मग तेहरानच्या संसदेत. थोरला दीर मंत्री झाला. शहाच्या मेजवान्यांना या घरच्या बायका मोत्यांचे सर घालून जात. मग क्रांती झाली, आणि माणसं लंडन, दुबई, अमेरिका अशी उधळली गेली. खानमचे यजमान इथला व्यापार बघत होते, म्हणून ही शाखा इथे राहिली आणि फर्मानही त्यांच्याकडे आलं.

"मी शिराझची," त्या म्हणाल्या. "माझं माहेर खरं जुनं. नऊ पिढ्या तोंडपाठ. पण घरात तेव्हा गालिचे विकून चूल पेटत होती. सासऱ्यांनी मागणी घातली तेव्हा वडील म्हणाले, कालच्या खजूरवाल्यांना मी मुलगी देत नाही. तेव्हा सासऱ्यांनी, शहाने आपल्या पूर्वजांना दिलेलं म्हणून, हे फर्मान पाठवलं. वडिलांनी ते तीनदा वाचलं, कपाळाला लावलं, आणि होकार दिला. मी सतरा वर्षांची होते. मला कोणी विचारलं नाही."

भिंतीवरून फ्रेम उतरवली. सुरेख, झुकत्या ओळी, वरच्या बाजूला वाटोळा काळपट शिक्का. कागद लाकडी फळीवर चिकटवलेला होता आणि फळी तडकल्यामुळे कोपरा ओढला गेला होता. दोन तासांचं काम, असं मी मनाशी म्हटलं.

कागद भिजवण्याआधी शाईची परीक्षा घ्यायची, हा आमच्या कामाचा पहिला नियम. अक्षराच्या टोकावर पाण्याचा बारीक थेंब ठेवायचा, शंभर मोजायचे, टीपकागदाने टिपायचा. काजळीची जुनी शाई जागची हलत नाही. मजकुराच्या तीन ओळींवर मी थेंब ठेवून पाहिले, टीपकागद कोरा निघाला. मग शिक्क्याच्या कडेवर ठेवला.

टिपला तर टीपकागदावर गर्द जांभळा डाग उमटला.

मला आणखी काही समजून घ्यायचं उरलं नाही. दिसायला काळी आणि पाणी लागलं की जांभळी होणारी ही शाई रासायनिक रंगाची. अडीचशे वर्षांपूर्वी ती जगात नव्हती. आमच्या आजोबांच्या काळात ती पोस्टात आणि गोदामांत आली. लेखनिक जुन्या पठडीतला, त्याने आपली काजळीची शाई वापरली. शिक्का मात्र ज्याने मारला त्याने हाताशी होती ती शाई घेतली.

मी टीपकागद मुठीत चुरगळला. दफ्तरखान्यात अशा वेळी मी खुशाल नोंदवहीत 'शिक्का नव्या शाईचा' असं लिहून जेवायला जायची. इथे समोर बसलेल्या बाईचं लग्न त्या शिक्क्यावर झालं होतं. मी ब्रश आवरायला घेतले.

"आज एवढंच," मी दाऊदभाईंना सांगितलं. "खळ नीट जमली नाही. उद्या येते."

खानम माझ्या मुठीकडे बघत होत्या.

माहूज, सकाळ

मिलिंदला सांगितलं तर तो बूट घालता घालता म्हणाला, "ताई, कडेकडेने चिकटव आणि ये निघून. शुक्रवारी त्यांचं काम होईल, खलास. तुला कोणी विचारलंय का खरं-खोटं?"

त्याचं खोटं नव्हतं. मी चहा घेत बसले. एवढी वर्षं ज्या मोठेपणाला मी हसत आले त्याचं पितळ आज माझ्याच हाताने उघडं पडलं होतं, आणि मला जराही आनंद होत नव्हता. त्या म्हातारीला काय वाटेल, एवढंच डोक्यात घोळत होतं.

बुसैतीन, दुसरा दिवस

ठरवून गेले होते की गप्प राहायचं. घट्ट खळ फक्त कोपऱ्याला लावायची, शिक्क्याजवळ पाणी न्यायचं नाही. तासाभरात कोपरा बसला. तेवढ्यात खानमनी हात पुढे केला आणि हिंदीत म्हणाल्या, "कल का कागज दिखाओ."

मी दाऊदभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "दाखवा ताई. ती सोडायची नाय."

टीपकागद माझ्या पिशवीतच होता. मी तो उलगडून त्यांच्या हातात दिला. शाईचं स्पष्टीकरण कसं द्यावं, याची मनात जुळवाजुळव करत होते, पण ती वेळच आली नाही. त्यांनी डाग खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"हा रंग मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांच्या गोदामात खजुराच्या पेट्यांवर शिक्का मारायचे. गलबतात समुद्राचं पाणी उडालं की तो असाच जांभळा व्हायचा. हमालांचे हात आठ आठ दिवस जांभळे असायचे."

दाऊदभाईंनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

"घरातल्या जुन्या बायका कुजबुजायच्या," खानम पुढे म्हणाल्या, "की सासऱ्यांचे वडील बंदरावर पखाल वाहायचे. मला वाटायचं, जळतात मेल्या." मग त्या एकदम थांबल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "पखालीचं मला काही नाही. पाणी पाजणारा माणूस वाईट कसा असेल? पण माझ्या माणसाला हे माहीत होतं का? पन्नासच्या वर वर्षं एका ताटात जेवलो आम्ही. त्याला माहीत असून त्याने मला सांगितलं नाही का?"

मी त्यांचा हात धरला. हात थंडगार होता.

"फ्रेम बंद करून ठेवू का?" मी विचारलं. "परवा लावायची ना?"

"आत्ता काही विचारू नकोस," त्या म्हणाल्या, आणि टीपकागद माझ्या हातात परत ठेवला.

शुक्रवार

शुक्रवारी सुट्टी. दुपारी मला खास बोलावणं होतं. भावजयीने आपली निळी रेशमी साडी नेसायला लावली. बैठकीत पाऊल टाकलं आणि आधी भिंतीकडे नजर गेली. फ्रेम नव्हती. तिच्या जागी रंग न उडालेला एक चौकोन तेवढा दिसत होता.

मुलाकडचे सातआठजण आले होते. त्यांच्यात मुलाचे आजोबा मुख्य, काठी टेकत आलेले, अत्यंत अदबशीर. आपल्याकडे साखरपुडा, तशी त्यांच्याकडे ही मिठाई खाण्याची रीत आहे. मधे मिठाईचं तबक ठेवतात. वरपक्षातल्या वडीलधाऱ्याने त्यातली मिठाई उचलून तोंडात टाकली की सोयरीक पक्की. तोवर कोणी तबकाला हात लावत नाही. नस्रीन दाराशी उभी होती. ओढणीच्या टोकाचा तिने पार बोळा केला होता.

आजोबांनी हवापाणी विचारलं, मग रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं. "फर्मानाचं दर्शन घ्यावं म्हणत होतो," ते म्हणाले.

दाऊदभाई माझ्या कानाशी सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांचाच आवाज बसला. "ताई, ती सगळं सांगते हाय."

खानम सांगत होत्या, "फर्मान खरं नाही, आगा. शिक्क्याची शाई आमच्या खजुराच्या पेट्यांची आहे. मला बुधवारी कळलं. माझ्या वडिलांनी तो कागद बघून मला दिली, मला विचारलं नाही. माझ्या नातीला मी विचारलं आहे. तिला तुमचा मुलगा पसंत आहे. आता कागद नाही, मुलगी आहे. तिला बघून काय ते ठरवा."

खानमचा मुलगा, म्हणजे नस्रीनचा बाप, पांढराफटक पडला. त्यालाही त्या क्षणीच कळत होतं. नवऱ्या मुलाची आई ओढणीशी चाळा करू लागली. आजोबांचा हात तबकाकडे निघाला होता, तो गुडघ्यावर परत आला. बाहेरून एक विमान गेलं. त्या आवाजात सगळे उगाच छताकडे बघत राहिले. माझ्या मनात आलं, सुमन, तुझ्या एका थेंबाने या पोरीचं वाटोळं केलं.

विमानाचा आवाज विरला. आजोबांनी घसा साफ केला.

"खानम," ते म्हणाले, "आमच्याही घरी एक फर्मान आहे. फार सुरेख आहे. पण ते आजवर कोणी भिजवून बघितलेलं नाही."

आणि त्यांनी तबकातली बदामाची मिठाई उचलली, नस्रीनकडे बघितलं, आणि तोंडात टाकली. बायकांनी एकदम हर्षाचा चीत्कार केला. मला रडूच फुटलं. दाऊदभाई "मुबारक, मुबारक, यल्ला ताई, तोंड गोड करा" म्हणत माझ्या हातावर मिठाई ठेवत होते, आणि स्वतःचे डोळे बाहीने पुसत होते.

पाहुणे गेल्यावर खानमनी मला आतल्या खोलीत नेलं. पलंगावर फ्रेम पालथी ठेवली होती. दाऊदभाई दाराशीच थबकले होते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"खानम," ते आधी फारसीत आणि मग माझ्यासाठी मराठीत म्हणाले, "साहेब माज्यावर एकदाच ओरडले होते. ओल्या फडक्यावरनं."

माझ्याही डोक्यात तेव्हाच प्रकाश पडला. सोमवारी आम्ही ज्या गोष्टीला हसलो होतो ती ही.

खानम पलंगावर बसल्या. थोड्या वेळाने त्या हसल्या, मग ओढणी डोळ्यांना लावली, मग पुन्हा हसल्या.

"दर नवरोजला," त्या म्हणाल्या, "सगळ्या घराची झाडलोट मी करायची. ही एक फ्रेम तो करायचा. मी म्हणायची, एवढा काय मेला खानदानाचा अभिमान! एवढी वर्षं कोरडं फडकं घेऊन उभा राहिला माझा माणूस. मी माहेरी निघून जाईन, अशी भीती होती वेड्याला."

कागद दुरुस्त केला की त्याच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक नोंद करायची, ही आमची पद्धत. काय सापडलं, काय केलं, कोणी केलं. या कागदावर मी ती केली नव्हती, धीर झाला नव्हता. खानमना ते दाऊदभाईंकडून कळलं असावं. त्यांनी फळीची पाठ माझ्याकडे सरकवली. "लिही. तुझ्या भाषेत लिही."

मी लिहिलं : 'कोपरा खळीने बसवला. शिक्का नव्या शाईचा. पाण्यापासून जपावे.'

त्यांनी वाचून दाखवायला लावलं, दाऊदभाईंनी अर्थ सांगितला. मग त्या म्हणाल्या, अजून एक ओळ लिही. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. दफ्तरखान्याच्या कुठल्या नोंदवहीत अशी ओळ मी कधी लिहिली नव्हती.

'हे मला कळले तेव्हा घरात तो नव्हता, नाहीतर त्याला सांगितले असते की ओले फडके घेतलेस तरी चालेल, मी कुठेही जात नाही.'